दहा हजार बदाम

दाढी अर्धी झाली होती, डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच होता, आणि पायजम्याच्या खिशात मोबाइल थरथरला. वस्तरा हनुवटीपाशी किंचित अडखळला आणि पांढऱ्या फेसात एक लाल ठिपका उमटला. दाढी करताना तो कानातलं यंत्र काढून आरशाखालच्या फळीवर ठेवायचा. तेवढा वेळ जग नुसतं दिसायचं. नळ चालू आहे हे पाणी दिसलं की कळायचं, दार आपटलं हे पायाखालच्या फरशीवरून. अशा वेळी मांडीशी काहीतरी थरथरलं की कुणी हळूच बोट लावून हाक मारल्यासारखं वाटायचं, आणि या वयात अशा हाका त्याला फार येत नव्हत्या. त्याने ओले हात टॉवेलला पुसले आणि मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. पडद्यावर एक सोनेरी पदक स्वतःभोवती गरगर फिरत होतं. खाली लिहिलं होतं, ‘अभिनंदन, डावा कान! तुमच्या लिखाणाला आज दहा हजार बदाम पूर्ण झाले. आपल्या फोरमवर हा टप्पा गाठणारे तुम्ही पहिलेच.’ त्याने ते पुन्हा वाचलं. मग आरशात पाहिलं. अर्धा चेहरा म्हातारा, अर्धा फेसाचा. पहिला आलेला माणूस असा दिसतो होय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हसू फुटलं. हसण्याचा आवाज काही त्याला आला नाही. छातीत जरा हललं, एवढंच.

कुणाला तरी सांगायला हवं होतं. घरात कुणी म्हणजे बायकोच. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मटार सोलत होती, आणि मान वाकडी करून खांदा आणि कान यांच्यामध्ये तिने फोन धरला होता. पलीकडे तिची मोठी बहीण असणार. नवरा गेल्यापासून ताईचा फोन रोज सकाळी यायचा. “अगं, हे बघ,” तो म्हणाला. यंत्र नसलं की आपण ओरडतोय की पुटपुटतोय याचा त्याला अंदाज नसे. ती दचकली, म्हणजे ओरडला असावा. तिने आधी फेसाकडे पाहिलं, मग रक्ताकडे, मग चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल नाकाशी नेला. ओठ हलले. ‘छान’ असावं. ओल्या हाताने तिने त्याच्या दंडावर थोपटलं. तो तिथेच उभा राहिला, कारण हे एवढ्यावर संपेल असं त्याला वाटलं नव्हतं. तेव्हा तिने फोन टेबलावर पालथा ठेवला, खिडकीकडे बघत काहीतरी बोलली, दोन-तीन वाक्यं तरी असावीत, आणि शेवटी त्याच्याकडे वळून भुवया उंचावल्या. म्हणजे प्रश्न होता. “हो, हो,” तो म्हणाला, “बरंच होईल.” ती त्याच्याकडे बघत राहिली. एक मटाराची शेंग तिच्या हातात तशीच होती. मग तिने फोन उचलून पुन्हा खांद्याशी दाबला, आणि तो उरलेली दाढी करायला गेला. फेस वाळून गालाला ताण बसला होता.

फोरमवर तो आला त्याला बरीच वर्षं झाली होती. कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा फोरम, सगळे टोपणनावांनी वावरणारे. एक ‘शिट्टी’ होता, कारण त्याचं यंत्र सारखं शिट्टी मारायचं. एक ‘भिंत’ होती, तिला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही आणि ती फोरमवरची सगळ्यांत बडबडी बाई होती. देखरेख करणाऱ्याचं नाव ‘वॉचमन’. ह्याचा उजवा कान पार गेलेला, डावा यंत्राच्या आधाराने कसाबसा चालणारा, म्हणून ‘डावा कान’. तिथे कुणी कुणाला ‘काय?’ असं विचारत नसे. सगळं लिहिलेलं, पांढऱ्यावर काळं, हवं तितक्यांदा वाचावं, आवडलं तर खालचा लाल बदाम दाबावा. पहिल्या आठवड्यातच त्याच्या लक्षात आलं होतं की चारचौघांत बसून प्रत्येक शब्द कळण्याचं सुख आपल्याला किती वर्षांनी मिळतंय. घरात त्याच्या वाट्याला जे शब्द येत त्यांतला सर्वांत जास्त येणारा म्हणजे ‘काही नाही’. जेवताना हसू उठायचं, तो विचारायचा, काय झालं? काही नाही. टीव्हीवर बातमी ऐकून बायको चुकचुकायची, काय गं? काही नाही, जाऊ द्या. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की त्याचं पाणी होतं, आणि तिसऱ्यांदा ओरडून सांगितला की सांगणाऱ्यालाच लाज वाटते. तरी काही नाही म्हटल्यावर खरोखरच काही नव्हतं असं थोडंच असतं? काहीतरी होतं. ते सगळ्यांना मिळालं आणि आपल्याला तेवढं नाही.

आणि गंमत म्हणजे एके काळी त्याचं पोट कानावर चालत होतं. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. पट्ट्यावरून गरम, ताज्या बाटल्या सरकत यायच्या. डोळ्यांना न दिसणारा तडा शोधायचा तर बाटली बाटलीवर हलकेच टेकवायची. चांगली काच खणखणीत वाजायची, शेवटी बारीक शेपूट काढत. तडा गेलेली बद्द बोलायची, जशी पडसं झालेल्या माणसाची हाक. दिवसभरात हजारो बाटल्या हातांखालून जायच्या आणि बद्द आवाज आला की हात मनाला न विचारता ती बाटली बाजूला काढायचा. त्याच कारखान्याच्या गोंगाटाने पुढे कान खाल्ले. ते कधी झालं हे त्याला कळलं नाही. बायकोला आधी कळलं. एकदा दोघं बाजारातून परतत होती, जिन्यात ती दोन पायऱ्या मागे होती आणि तिने मागून हाक मारली. तो चढत राहिला. पुन्हा मारली. तो चढतच राहिला, दार उघडून आत गेला, चपला काढल्या. ती वर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. “एवढं काय चुकलं माझं?” ती म्हणाली होती. तेव्हा त्याला समोरून अजून नीट ऐकू येत होतं. आपण रागावलो नव्हतो, आपल्याला ऐकूच आलं नाही, हे सांगायला त्याला इतकी लाज वाटली की तो म्हणाला, “काही नाही. डोकं दुखतंय.” तेव्हा काही नाही हे शब्द ह्या घरात आणले कुणी, असा प्रश्न निघालाच तर उत्तर फारसं अवघड नव्हतं.

फोरमवर त्याला सर्वांत जास्त बदाम मिळवून देणारा लेख होता ‘मान डोलावू नका’. नवीन आलेल्या प्रत्येकाला वॉचमन तो वाचायला सांगायचा. ऐकू न येता हो म्हणणं हा आपल्या लोकांचा जुना आजार आहे, असं त्यात त्याने लिहिलं होतं. समोरच्याच्या भुवयांवरून, मानेच्या कलावरून, वाक्याच्या लांबीवरून आपण उत्तर ताडतो आणि बहुतेक वेळा ते निभावतं. पण निभावणं म्हणजे ऐकणं नव्हे. विचारा. पुन्हा विचारा. लाजू नका. खाली बदामांची रांग लागली होती. एका बाईने लिहिलं होतं, तुमचा लेख वाचून मी काल माझ्या मुलीला तीन वेळा विचारलं आणि ती रागावली नाही. ते तो दुसऱ्यांदा वाचत होता, आणि नेमकी त्याच वेळी बायको दारातून काहीतरी विचारत होती, आणि मोबाइलवरून मान न उचलता तो म्हणाला होता, हो. हे त्याच्या ध्यानात यायचं नाही असं नाही. यायचं, खिशातल्या भोकासारखं. बोट जाऊन लागायचं, चला शिवू या कधीतरी असं वाटायचं, आणि हात बाहेर यायचा.

दुपारपर्यंत वॉचमनने अभिनंदनाचा धागा उघडला होता. भिंतने भलीमोठी कविता टाकली. शिट्टीने लिहिलं, “दहा हजार! दादा, भाजून मीठ लावून वाटा आता सगळ्यांना.” त्यावरही बदाम पडले. पदकावर बोट ठेवलं की आणखी एक पान उघडत होतं: तुमचे सर्वांत जवळचे वाचक. तिथे पहिल्या नावापुढे इतका मोठा आकडा होता की बाकीची नावं त्याच्या पायाशी बसल्यासारखी दिसत होती. नाव होतं ‘पायरी’. ह्या पायरीने कधी एक ओळ लिहिली नव्हती. ना प्रश्न, ना उत्तर, ना धन्यवाद. फक्त बदाम, त्याच्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर, अगदी ‘सेल कोरड्या जागी ठेवा’ ह्यावरसुद्धा. तो खुर्चीत मागे टेकला. कुणीतरी वर्षानुवर्षं, काही न मागता, आपलं सगळं आवडीने वाचत होतं. त्याला एकदम उघडं पडल्यासारखं झालं, म्हणजे कुणी खिडकीतून बघत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, तसं. आणि त्याच वेळी खूप उबदारही वाटलं. दोन तास त्याने चार ओळी लिहिल्या, खोडल्या, लिहिल्या. आपल्याला कसं बोलावं हे कळत नाही म्हणून आपण लिहितो, आणि लिहायला बसलो की बोलणंच बरं होतं असं वाटतं. शेवटी गेलं ते एवढंच: “नमस्कार. तुम्ही इतकी वर्षं माझं लिखाण आवडीने वाचत आहात हे आज कळलं. आभार कसे मानावेत समजत नाही. तुम्हाला त्यात काय आवडतं, हे जाणून घ्यायला आवडेल. सवडीने कळवा.” पाठवल्यावर शेवटचं वाक्य त्याला फार हावरट वाटलं. पण गेलं ते गेलं.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ह्या दिवसांत तो घरात जरा वेगळा चालत होता. पायरी कोण असेल, ह्याचे चेहरे मनात तयार होत होते. कधी निवृत्त शिक्षक, कधी खिडकीशी बसणारी आजारी बाई. भाजी आणायला गेला तर रांगेतल्या माणसांकडे बघून वाटायचं, ह्यांतलं कुणी असलं तर? माझे सगळे शब्द त्याच्या पोटात आहेत आणि तो मला ओळखत नाही. घरी आल्यावर पिशवी टेबलावर ठेवताना त्याला वाटे, बायकोला पायरीबद्दल सांगावं. पण ती आतल्या खोलीत कपाट उपसत होती. कपाटावरची मोठी निळी बॅग खाली काढलेली होती, पलंगावर स्वेटर, शाली, उशीचे अभ्रे यांचे ढीग. वर्षाची साफसफाई, त्याने मनाशी म्हटलं; थंडीचे दिवस आहेत, कपड्यांना ऊन दाखवत असेल. तो दारात उभा राहिला तेव्हा ती एका जाड शालीची घडी घालत काहीतरी बोलली, त्याच्याकडे पाठ करून. पाठीमागून येणारा आवाज यंत्रात शिरला की पाण्याखालून बोलल्यासारखा व्हायचा. “हो,” तो म्हणाला. तिचा हात शालीवर थांबला. मग घडी पुरी झाली.

रविवारी मुलगा आणि सून जेवायला आली. चौघं टेबलाशी बसली की त्याचं यंत्र गोंधळून जायचं. चमच्यांचा आवाज पुढे यायचा आणि माणसं मागे जायची. तो उजवीकडच्या टोकाला बसायचा, म्हणजे सगळे डाव्या कानाच्या बाजूला येत. बायकोने वाढता वाढता मुलाकडे बघून, मुद्दाम मोठ्याने सांगितलं, “तुझ्या बाबांना पदक मिळालंय!”

“काय सांगता बाबा!” मुलगा वाकून त्याच्या कानाशी म्हणाला. “खरं पदक?”

“मोबाइलमधलं,” तो म्हणाला. “दहा हजार बदाम.”

“खायचे?” सुनेने विचारलं, आणि तिघं हसली. हे त्याला नीट ऐकू आलं, तोही हसला. मुलाने मोबाइल मागून घेतला, पदक फिरताना पाहिलं. “बाबा, म्हणजे तुमचे चाहते आहेत की! आणि इथे आम्हाला वाटतं तुम्ही नुसते बसलेले असता.”

“एक जण तर,” तो म्हणाला, “एक जण तर माझं सगळंच…” पण तोवर मुलाने मोबाइल परत त्याच्या हातात दिला होता आणि बोलणं दुसरीकडे वळलं होतं. बायको सुनेला काहीतरी सांगत होती, खाली बघत, भाताची शितं बोटाने एकत्र करत. सून मान हलवत होती. मुलगा मध्येच बोलला, बायको त्याच्यावर बोलली. त्याला ‘गाडी’ ऐकू आलं, ‘थंडी’ ऐकू आलं, ‘ताई’ ऐकू आलं. वाक्यं त्याच्या भोवतीने जात होती.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही, बाबा,” मुलगा म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की असं बरं नाही. तो वळला, हात हलवत काहीतरी बोलला, खिडकीकडे बोट, मग स्वयंपाकघराकडे, आणि शेवटी भुवया वर. सूनही बघत होती. बायको बघत नव्हती. ती ताटात बघत होती.

“हो, हो,” तो म्हणाला. “चालेल की. मला काय!”

मुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आईकडे पाहिलं, पाहिलंस ना, अशा अर्थाने. त्याला बरं वाटलं. आपण काहीतरी मोठ्या मनाचं बोललो असावं असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. कशाबद्दल, ते नंतर कळेल.

ती दोघं गेल्यावर, उन्हं भिंतीवरून वर सरकत असताना, मोबाइल थरथरला. पायरी. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, चष्मा पुसला. “नमस्कार,” लिहिलं होतं, “उशिराबद्दल माफ करा, काय लिहावं तेच कळेना. मी एका हॉटेलात चादरी धुण्याच्या खात्यात आहे. यंत्रांच्या घरघरीत कान गेले. मधल्या सुट्टीत मागच्या जिन्याच्या पायरीवर बसते, म्हणून हे नाव. सुट्टी एवढीशी असते. फोरम पुन्हा उघडला की कुठपर्यंत वाचलं ते सापडत नाही, म्हणून मी वाचून झालं की बदाम दाबून ठेवते. खूण म्हणून. आवडलं-न आवडलं असं त्यात काही नसतं. सगळ्यांच्याच लिखाणावर दाबते. तुमच्यावर जास्त आहेत, कारण तुम्ही जास्त लिहिता. मला लिहिता येत नाही फारसं, म्हणून कधी बोलले नाही. पदकाबद्दल अभिनंदन. गैरसमज नसावा.”

गैरसमज नसावा. त्याने खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला. समोरच्या इमारतीत एक माणूस गॅलरीत चटई झटकत होता, आणि झटकल्याचा आवाज येत नव्हता; चटईतून धूळ तेवढी उडत होती. आधी त्याला हसू आलं. तुम्ही जास्त लिहिता! दहा हजारांचा मानकरी का, तर जास्त बोलतो म्हणून. मग हसू कुठेतरी गेलं. म्हणजे तो सगळा ढीग म्हणजे काय होतं? पानाचा कोपरा मुडपून ठेवतात, तसं. कोपरा मुडपला म्हणून पुस्तकाने फुशारून जावं? आणि बाकीच्यांचे बदाम तरी कशाचे? शिट्टी सगळ्यांनाच देतो, कारण त्याला सगळ्यांकडून हवे असतात. भिंत देते, कारण न दिल्यास तिला अपराधी वाटतं. मी देतो तेव्हा तरी कुठे पुरतं वाचतो? लांबलचक दिसलं की वर एक नजर, खाली एक नजर, आणि बदाम. त्याला कारखान्यातला पट्टा आठवला. रात्रपाळीच्या शेवटी हात सुन्न झाले की एखादा तपासनीस बाटल्या न वाजवताच पुढे सोडायचा. दिसायला सगळ्या सारख्याच. फुटायची ती कुठल्या तरी घरात, कुणाच्या तरी हातात.

सोडावं हे सगळं. नाव काढून टाकावं, लिहिलेलं पुसावं, पदकासकट. असं ठरवून तो खुर्चीत बसला आणि आपलंच जुनं लिखाण खालून वर बघू लागला, सगळ्यांत जुन्यापासून. पुसण्याआधी एकदा बघायला काय हरकत आहे, असं कारण त्याने स्वतःला दिलं. पहिल्या हिवाळ्यातलं एक लिखाण समोर आलं, जे तो विसरूनच गेला होता. नाव दिलं होतं ‘तिचा आवाज’. फार लांब, फार अस्ताव्यस्त. यंत्र लावल्यापासून बायको बोलते तेव्हा मला शब्द कळतात, पण आवाज तिचा येत नाही, असं त्याने लिहिलं होतं. यंत्राने सगळ्यांना एकच पत्र्याचा गळा दिला आहे. ती, दुधवाला, टीव्हीवरची बाई, सगळे त्याच गळ्याने बोलतात. तिचा खरा आवाज माझ्याजवळ आहे तो आठवणीतला, लग्नानंतरच्या दिवसांतला, दिवा मालवल्यावर ती अगदी हळू बोलायची तेव्हाचा. तो मी मनात वाजवून बघतो. पण जास्त वाजवला तर झिजेल अशी भीती वाटते, म्हणून हल्ली जपून वाजवतो. आणि खरं सांगायचं तर ती आता बोलते ते मी पुरतं ऐकत नाही, कारण तो पत्र्याचा गळा आठवणीतल्या गळ्यावर चढून बसेल असं वाटतं. हे तिला कसं सांगू? इथे ते संपत होतं. ह्या लिखाणाला कुणी उत्तर दिलं नव्हतं. खाली बदाम एकच होता. पायरीचा.

त्याने तिला लिहिलं. या वेळी खोडाखोड केली नाही. “एक विचारायचं आहे. माझं फार जुनं एक लिखाण आहे, ‘तिचा आवाज’. त्यावरही तुमची खूण आहे. ते वाचल्याचं आठवतं का?”

उत्तर लगेच आलं; तिची सुट्टी चालू असावी. “आठवत नाही हो. पण बदाम आहे ना? मग वाचलेलं असणार. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी दाबत नाही. नाहीतर खुणेला अर्थ काय?”

तो त्या ओळींकडे बघत राहिला. ऊन छताशी पोचलं होतं. शेवटपर्यंत. कुठल्याशा जिन्यावर, हाताला साबणाचा वास येत असताना, एका बाईने त्याची ती अस्ताव्यस्त ओळन्‌ओळ वाचली होती. आवडली की नाही, कोण जाणे, आठवतही नव्हती. पण पुरी झाल्याशिवाय तिने खूण केली नव्हती. आणि आपण? आपण वाक्य संपायच्या आधी खूण करतो. भुवया वर गेल्या की हो. त्याच्या डोळ्यांसमोर मटाराची शेंग आली, हातात तशीच राहिलेली. शालीवर थांबलेला हात आला. ताटात बघणारा चेहरा आला, आणि मुलाने खांद्यावर ठेवलेला हात, जो इतका वेळ शाबासकीचा वाटत होता. निळी बॅग आली. एकेक गोष्ट पट्ट्यावरून सरकत समोर येत होती आणि प्रत्येक बद्द वाजत होती.

तो उठला. आतल्या खोलीत दिवा लागला होता. निळी बॅग पलंगावर उघडी होती, निम्मी भरलेली, आणि बायको तिच्या शेजारी बसून औषधांच्या पट्ट्या एका डब्यात लावत होती. त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, तिच्या उजव्या हाताला ठेवलं आणि बसला, म्हणजे डावा कान तिच्याकडे आला. तिने नवलाने पाहिलं.

“त्या दिवशी सकाळी,” तो म्हणाला, “मी फेस लावून आलो होतो, तेव्हा तू काहीतरी विचारलंस. मी हो म्हणालो.”

“म्हणालात.”

“मला ऐकू आलं नव्हतं.”

औषधाची एक पट्टी तिने डब्यात घातली, परत काढली.

“काल इथे विचारलंस, तेही नाही. आज जेवताना मुलाने विचारलं, तेही नाही. कुठलंच नाही. काय विचारत होतीस?”

“काही नाही,” ती सवयीने म्हणाली. मग तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. तिने डबा बाजूला ठेवला. “ऐकलं नाहीत हे कळत होतं मला,” ती म्हणाली. “आजचं का आहे ते? इतक्या वर्षांत तुमचा खरा हो कुठला आणि नुसता कुठला, हे मला कळणार नाही?”

“मग पुन्हा का नाही विचारलंस?”

“हो म्हणालात ना. मला हो हवा होता. नुसता तर नुसता.” ती हसली, पण ते डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “आपल्या सोयीचं असलं की माणूस कशाला खोदून विचारतोय?”

त्याने यंत्राचं बारीक चाक नखाने पुढे सरकवलं, होतं तेवढं. खोलीतला आवाज अंगावर आला, बॅगेची चेन, बाहेरचा रस्ता, तिचा श्वास. “आता विचार,” तो म्हणाला. “होतं तसंच विचार.”

ती त्याच्याकडे सरकली, इतकी की तिच्या केसांचा वास आला, आणि कानाशी, ओरडून नाही, अगदी हळू बोलली, एकेक शब्द सुटा करून. “ताई एकटी आहे. मीही इथे दिवसभर एकटीच असते. तुमच्याशी बोलते आणि ते भिंतीला लागून परत येतं. तिथे बोलायला माणूस आहे. मी जाऊन राहते तिच्याकडे. थोडे दिवस असं सगळ्यांना सांगितलंय. पण किती ते मलाच माहीत नाही. जेवणाचं मुलगा-सून बघतील. मी गेले तर चालेल ना तुम्हाला?”

पत्र्याचा गळा होता, सगळ्यांचा असतो तोच. त्यातून एकही शब्द गळला नव्हता. तिच्या भुवया वर गेल्या होत्या. हो म्हणण्याची जागा समोर होती, रोजची, पायाखालची, आणि त्याची मान आपोआप हलायला निघाली. त्याने ती धरून ठेवली.

ती वाट बघत होती. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा उजेड छतावरून सरकत बॅगेवर आला आणि गेला. मग तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ऐकू आलं का?” तिने विचारलं.

“आलं,” तो म्हणाला.